बायकांचा टाइम

टाळेबंदी उठायला लागली तेव्हा कर्नाटकातल्या आमच्या आळंदमध्ये सगळ्यात आधी दारूचं दुकान उघडलं. अंतर राखण्यासाठी रस्त्यावर चुन्यानं गोल आखले होते आणि एकेका गोलात तीन-तीन जण उभे होते. मग कापडाची दुकानं उघडली, मग केस कापणारे, मग देवळं, मग लग्नं. जिमला परवानगी मिळाली ती सगळ्यांच्या मागून. हा क्रम ज्यांनी लावला त्यांची पाठ कधी दुखली नसावी.

एक आधीच सांगून टाकते. माझं भांडण रोगाशी नव्हतं आणि बंदीशीही नव्हतं. बंद हॉलमध्ये दहा जण तोंड उघडून धापा टाकणार, तिथं रोग पसरणार, एवढं मला कळत होतं. आमच्या गल्लीतली धडधाकट माणसं गेली, त्यांना खांदा द्यायला कुणी पुढं आलं नाही, हे मी खिडकीतून बघितलं होतं. त्यामुळं बंद म्हटल्यावर मी बंद ऐकलं. भांडण झालं ते उघडताना. सगळं उघडलं आणि एकच गोष्ट बंद ठेवायचं ठरलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

आमचं तुरीचं अडत दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर आणि वर पत्र्याचा मोठा हॉल. पूर्वी त्या हॉलमध्ये रिकामी पोती पडलेली असायची. मग मादन हिप्परग्याचा एक पैलवान आला. त्यानं हॉल भाड्यानं घेतला, आरसे लावले, लोखंड आणलं आणि जिम काढली. पोरं त्याला सर म्हणायची, आम्ही बायका अण्णा म्हणायचो.

जागेचे मालक माझे सासरे. त्यांना घर आणि निम्मा बाजार अप्पा म्हणतो. अप्पा दिवसभर दुकानातल्या पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसतात. गादीच्या वर तुळईला त्यांनी एक दोर बांधून घेतलेला आहे. उठायचं झालं की तो दोर धरून उठतात. त्याला आधार म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "सवय हाय."

आता बाजारात बोली कॉम्प्युटरवर लागते, पण अप्पांचे काही जुने शेतकरी अजून रुमालाखालचा सौदा करतात. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका टॉवेलाखाली जातो. तोंडानं कुणी आकडा बोलत नाही. एक बोट दाबलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. वर चेहरे गप्प, खाली बोटांची झटापट. जमलं की "सौदा झाला" एवढंच मोठ्यानं म्हणायचं आणि टॉवेल काढायचा. त्यानंतर तो शब्द फिरवायचा नाही. तोंडानं दिलेला शब्द माणूस विसरतो, बोटांनी दिलेला नाही, असं या धंद्यात मानतात.

माझं माहेरही अडतीचंच, सीमेपलीकडं उमरग्याला. लहानपणी वडील जेवण झालं की टॉवेलाखाली माझा हात घ्यायचे आणि किती पेढे पाहिजेत त्याचा सौदा करायचे. मी हटून बसायचे. मला बघायला आले तेव्हा वडिलांनी अप्पांना कौतुकानं सांगितलं होतं, "स्वयंपाक जेमतेम आहे, पण सौद्यात हार जायची नाही." अप्पा तेव्हा मनापासून हसले होते. पुढं काय वाढून ठेवलंय याची त्यांना कल्पना नव्हती.

जिममध्ये मी हौसेनं गेले नाही. त्याआधी माझी पाठ गेली होती. तूर निवडायला खाली बसले आणि उठताच येईना. मणक्यातली चकती सरकली होती. पुढं कितीतरी महिने घरातली माणसं मला काखेत हात घालून उचलायची, पोतं उचलावं तशी. संडासातून उठायलासुद्धा हाक मारावी लागायची. मनात यायचं, चार जणांनी उचलायचं असतं ते मेल्यावर. मला जिवंतपणीच उचलायला लागले. त्या दिवसांत मी फार रडले आणि त्याहून जास्त चिडले.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी दुखणं झाकलं जाईल, पण पाठीत ताकद आली तरच स्वतःहून उठाल. व्यायाम करा. परतताना अप्पा गाडीत म्हणाले, "बाईमाणसाला घरात कमी व्यायाम हाय व्हय?" झाडणं, पुसणं, भाकरी थापणं यात त्यांच्या मते सगळं आलं. मी म्हटलं, "अप्पा, तेच करून पाठ गेलीय." त्यांनी खिडकीची काच वर केली.

म्हणून वरच्या मजल्यावर बायकांचा टाइम सुरू झाला. दुपारी तीनचा. त्या वेळी पोरं नसायची आणि अप्पा झोपलेले असायचे. त्यांची परवानगी मिळाली यामागं एवढंच कारण होतं. आधी मी एकटी होते, मग शाळेतल्या दोन बाई आल्या, मग बांगड्यांच्या दुकानातल्या दोघी बहिणी बुरखा जिन्यात काढून ठेवून यायला लागल्या. कडगंचीच्या विद्यापीठात नोकरी करणारी एक मॅडम आली. ती इथलीच, बौद्ध घरातली, तिच्या वडिलांनी आमच्याच बाजारात आयुष्यभर हमाली केलेली. ती सगळ्यांत जोरदार होती. गुडघ्याला पट्टी बांधून यायची आणि बोलायला लागली की हातातलं वजन सुटेपर्यंत हसवायची.

अण्णानं मला पहिली गोष्ट शिकवली ती उचलायची. "अक्का, पाठ वाकवू नका. बूड मागं न्या. दोन्ही हातांत ताटं असली की दार कसं लावायलाव? तसं." हे मला ताबडतोब जमलं. आयुष्यभर मी दारं तशीच लावत आले होते. आधी रिकामी दांडी उचलली, मग तिला चकत्या लागत गेल्या. ज्या दिवशी मी कुणाचा हात न धरता फरशीवरून उठले, त्या दिवशी घरी येऊन उगीच पुन्हा पुन्हा खाली बसले आणि उठले. आमचे हे म्हणाले, "काय सांडलं का?" मी म्हटलं, "न्हाई. काहीच सांडलं न्हाई."

मग रोग आला. अण्णानं हॉलला कुलूप घातलं, किल्ली अप्पांकडं दिली आणि तो हिप्परग्याला शेतात निघून गेला. अप्पांनी किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. उमरग्याच्या रस्त्यावर जेसीबीनं आडवा चर खणला, त्यामुळं माहेर तुटलं आणि सोलापूरचा डॉक्टरही. अप्पा मला म्हणाले, "आता बस निवांत घरात. लई झाली वरची धडपड." त्यांच्या आवाजात काळजी होती असं आमचे हे म्हणतात. मला समाधान ऐकू आलं.

महिनाभर मी बसले. बसले म्हणजे घरची धुणीभांडी, कारण कामाला येणारी बाई बंद होती. आणि एका सकाळी अंगणात रांगोळीला वाकले तर पाठीत तीच जुनी कळ. मी चौकट धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर ते पलंगावरचे महिने आले, काखेत घातलेले हात आले. मी मनाशी म्हटलं, मेले तरी चालेल पण पुन्हा कुणाकडून उचलून घेणार नाही. आता ऐकताना हे नाटकी वाटेल. तेव्हा मी ते दात खाऊन म्हटलं होतं.

अप्पांकडं किल्ली मागितली. एकच दांडी आणि दोन चकत्या खाली आणते, घरातच करते, कुणी बघायचं नाही. अप्पा म्हणाले, "सरकारनं बंद केलंय. मी कसं उघडू?" मी म्हटलं, जिम उघडू नका, सामान द्या. ते म्हणाले, "दुसऱ्याचं सामान हाय." मी अण्णाला फोन लावला, त्यानं तिकडून ओरडून सांगितलं, घेऊ द्या की अप्पा. अप्पा म्हणाले, "फोनवर नीट ऐकू येईना." अप्पांना ऐकू चांगलं येतं.

दुकानाच्या कोपऱ्यात जुनी लोखंडी वजनं होती. पाच, दहा, वीस किलोची, वर धरायला दांडी असलेली. इलेक्ट्रिक काटा आल्यापासून ती नुसती बसून होती. त्यांना रोज हळदीकुंकू लागायचं आणि खांडेनवमीला झेंडूची माळ. अप्पा त्यांना लक्ष्मी म्हणायचे. यांच्यावरच आपलं घर उभं राहिलं, म्हणायचे, आणि ते खरंही होतं. दुपारी अप्पा झोपल्यावर मी नमस्कार केला, वीसचं उचललं आणि मागच्या खोलीत नेलं.

काही दिवस कुणाला कळलं नाही. मग एका दुपारी अप्पा पाणी प्यायला आत आले आणि त्यांनी मला बघितलं. पदर खोचलेला, घामाघूम, हातात वीस किलोची लक्ष्मी, पायांच्या मधून मागं आणि पुढं.

"काय करायलीस!" ते दारातच थबकले. "लक्ष्मीला झोके द्यायलीस?"

"बसून बसून गंजायली होती अप्पा," मी म्हटलं. "जरा फिरवून आणायले."

"पूजेतलं हाय ते! घाम लागायलाय त्याला!"

"आधी हमालांचा लागतच होता की. तेव्हा न्हाई बाटलं ते."

अप्पा पाणी न पिताच परतले. त्यानंतर पंधरवडाभर त्यांनी माझ्याशी थेट बोलणं टाकलं. मला काही सांगायचं असलं की यांना सांगायचे, मी समोर उभी असले तरी. "तिला म्हणाव, च्यात साखर कमी हाय." मी यांना म्हणायचे, "त्यांना म्हणावं, शुगर जास्त आहे." आमचे हे मधल्यामध्ये दोन्हीकडून मार खायचे. वजनं मात्र मी सोडली नाहीत. रोज झालं की पुसायचे, पुन्हा कुंकू लावायचे आणि जागेवर ठेवायचे. मॅडमशी फोनवर बोलणं व्हायचं. ती कडगंचीला पाण्याची कळशी भरून उचलत होती. म्हणाली, "अंतर ठेवा, अंतर ठेवा, दिवसभर गाडी ओरडत जायलीय. आम्हाला अंतर ठेवायला रोगानं शिकवायची काय गरज नव्हती." मला हसूही आलं आणि त्या जिन्याबद्दल अप्पा काय काय पुटपुटायचे तेही आठवलं. कुठल्या कुठल्या बाया वर चढायल्यात, म्हणायचे. कुठल्या म्हणजे कुठल्या, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

पावसाळा लागला. एके दिवशी आमचे हे तुरीची गाडी घेऊन गुलबर्ग्याच्या दाळमिलला गेले होते. घरात मी आणि अप्पा. अप्पांना दोन दिवस खोकला होता. साधाच निघाला पुढं, पण त्या काळात खोकला साधा आहे की नाही हे कुणी थांबून विचारत नव्हतं. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या.

न्हाणीतून धप्पकन आवाज आला. मी धावले. अप्पा ओल्या फरशीवर एका कुशीवर पडलेले, धोतर भिजलेलं, चेहरा पांढराफटक. हात टेकवून उठायला बघत होते आणि हात घसरत होता.

"माणसं बोलव," म्हणाले. पंधरवड्यानंतर माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द.

मी दारात जाऊन हाका मारल्या. समोरचा दुकानदार आला, कोपऱ्यावरचा चहावाला आला, आणखी दोघं आले. सगळे उंबऱ्यापर्यंत. तेवढ्यात आतून अप्पा खोकले आणि चौघंही दोन पावलं मागं सरकले. एकानं सांगितलं अँब्युलन्स बोलवा. दुसऱ्यानं सांगितलं नका बोलवू, घेऊन जातील. त्यांना तरी काय बोलणार, सगळ्यांच्या घरी लेकरंबाळं होती. पण आत माझा म्हातारा गार फरशीवर पडला होता.

मी परत आले. "अप्पा, माणसं दारात हाईत. आत कुणी येईना. माझ्या गळ्यात हात घाला."

"तुला न्हाई जमायचं. तुझी पाठ..."

"हात घाला म्हणते ना!"

इतक्या मोठ्यानं मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. त्यांनी हात घातला. मी आधी त्यांना बसतं केलं. मग समोर बसले, दोन्ही हात त्यांच्या काखेतून मागं नेऊन धरले. ज्या हातांनी मला उचललं जायचं ते कुठं आणि कसे धरायचे हे मला चांगलं ठाऊक होतं. कुठं दुखतं, कुठं गुदगुल्या होऊन आणखी लाज वाटते, सगळं. पाय रोवले. बूड मागं, पाठ सरळ, श्वास धरला. अप्पांना म्हटलं, "आता पायानं जोर द्या." आणि उचललं. पाठीत कळ आली नाही. मांड्या थरथरल्या, पण पाठ लोखंडासारखी उभी राहिली. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, ओल्या अंगाला साबणाचा वास येत होता. आम्ही तसेच एकेक पाऊल टाकत पलंगापर्यंत गेलो. मी त्यांना कोरडं केलं, चादर घातली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून हसले. भीतीनं नाही, आनंदानं.

हाड मोडलं नव्हतं. मुका मार होता. आठवडाभरात अप्पा गादीवर, दोरासकट.

आणि मग मी ऐकलं. फोनवर कुणी तब्येत विचारली की अप्पा सांगायचे, "पडलो की. पडलो आन उठलो. जुनं हाड हाय." पहिल्यांदा वाटलं, असू दे. दुसऱ्यांदा मी भांडं जरा जोरात ठेवलं. पुढं ते सांगता सांगता गोष्टीत भर पडत गेली, नळ धरला, मग खिडकीचा गज धरला. आमच्या न्हाणीला खिडकीच नाही. हे म्हणाले, "म्हणू दे की. म्हातारा माणूस." मी म्हटलं, "म्हातारा आहे म्हणून खोटं बोलायचं?" मला शाबासकी नको होती. पण अप्पा आपले आपण उठले असतील, तर माझ्या पाठीनं त्या दिवशी काय केलं? काहीच केलं नाही. आणि जिनं काही केलं नाही तिला वर जाऊन लोखंड उचलायची गरज काय? त्यांच्या खोट्याचा शेवट कुठं होणार ते मला दिसत होतं.

झालंही तसंच. जिमला परवानगी मिळाली. अण्णा हिप्परग्याहून उन्हानं काळा होऊन आला आणि किल्ली मागायला दुकानात उभा राहिला. अप्पा गादीवर. समोर त्यांचे दोन जुने शेतकरी बसलेले, हनुवटीवर मास्क लावून. मी आत चहा ओतत होते. बाहेर पायरीपाशी मॅडम आणि बांगडीवाल्या बहिणी आल्या होत्या, किती वाजता यायचं ते विचारायला.

अप्पा म्हणाले, "पोरांचा टाइम सकाळ-संध्याकाळ ठेव. बायकांचा आता न्हाई."

अण्णा म्हणाला, "कामून अप्पा?"

"रोग हाय. मधल्या टायमात साफसफाई कराया पायजे."

मी कपबशांसकट बाहेर आले. "पोरांना रोग होत न्हाई का अप्पा?"

"तू मधी बोलू नको."

"टाइम माझा बंद व्हायलाय, मी न्हाई तर कोण बोलणार?"

त्यांनी आवाज खाली आणला. समजूत घातल्यासारखे म्हणाले, "तुला पायजे तर तू जा की. घरची हाईस. बाकीच्या कामून पायजेत? बाहेरच्या बायांची वर्दळ कशाला?"

पायरीवर मॅडम उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, असलं ऐकायची तिला सवय होती. त्या सवयीचाच मला जास्त संताप आला.

"मी एकटी जाणार न्हाई," मी म्हटलं. "आन तुम्ही असं कामून म्हणायलाव तेही मला ठाऊक आहे. तुम्हाला वाटतंय बाईच्या अंगातल्या ताकदीचा काय उपयोग. अप्पा, त्या दिवशी न्हाणीतनं तुम्ही कसे उठलाव?"

"सांगितलं की," अप्पा म्हणाले. "उठलो."

"मग आता उठून दाखवा. गादीवरनं न्हाई. खाली फरशीवर बसा आन दोर न धरता उठा. उठलाव तर बायकांचा टाइम बंद. मी पुन्हा नाव काढणार न्हाई."

आमचे हे काट्यापाशी उभे होते, त्यांनी डोळे मिटले. एक शेतकरी म्हणाला, "जाऊ दे अक्का." पण मी अप्पांना ओळखते. मला जशी अक्कल उशिरा येते तशी त्यांनाही, आम्हा दोघांचं त्याबाबतीत एकच गोत्र. पाहुण्यांसमोर माघार घेणं त्यांच्या रक्तात नाही. ते दोर धरून उठले, गादीवरून उतरले आणि शहाबादी फरशीवर मांडी घालून बसले. बसताना ऐट होती.

मग उठायला लागले. एक हात टेकवला. गुडघा जरा उचलला, परत टेकला. दुसऱ्या बाजूनं करून बघितलं. श्वास जोरात व्हायला लागला. कुणी पुढं झालं नाही, कारण मी कुणाला होऊ दिलं नाही. हे सरकले तेव्हा मी नुसतं बघितलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. त्या फरशीवर मीही बसले होते, तिथून वर बघताना माणसं किती उंच दिसतात मला माहीत आहे. पण मी हलले नाही. त्यांनी एका शब्दानं खरं सांगितलं असतं तर खाली बसायची वेळच आली नसती.

शेवटी अप्पांनी वर बघितलं. माझ्याकडं. हात पुढं केला.

मी त्यांच्यासमोर खाली बसले, पण हात धरला नाही.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आपल्या पुढं केलेल्या हातावर टाकला. ओठांतल्या ओठांत विचारलं, "आठवड्याचे किती दिवस?"

मी टॉवेलाखाली हात घातला.

त्यांनी माझं एक बोट दाबलं. मी त्यांचा पंजा धरला आणि वर एक बोट दाबलं. सहा. त्यांनी दोन बोटं दाबली. मी पुन्हा पंजा, पुन्हा एक बोट. त्यांचा हात गार होता, पण झटापट जुनी, तरबेज होती. तीन. मी सहा. ते चारवर आले, तिथं बराच वेळ थांबले, अंगठ्यानं माझी बोटं मिटवायला बघितली. वर दोघांचे चेहरे गप्प. मी वडिलांच्या समोर बसल्यासारखी हटून बसले. पंजा, एक बोट. सगळ्यांसाठी, सहा दिवस, रविवार तुमचा.

अप्पांनी नाकानं श्वास सोडला. मग माझा पंजा पुरता धरला आणि त्यावर एक बोट दाबलं.

"सौदा झाला," मोठ्यानं म्हणाले.

ते म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या हातानं टॉवेल घट्ट धरला. मला कळलं. आता याच टॉवेलाच्या आडून मी हळूच आधार द्यायचा, आणि उद्या फोनवर सांगायला ते पुन्हा आपले आपण उठलेले असणार.

मी टॉवेल ओढून काढला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. पायरीवरच्या मॅडमला हाक मारली, "मॅडम, आत या, किल्ली तुम्ही घ्या, माझे हात रिकामे न्हाईत." ती उंबरा ओलांडून आत आली. अप्पांनी बसल्या जागी करगोट्याची किल्ली सोडली आणि तिच्या हातात दिली. मग मी त्यांच्या काखेतून हात घातले, बूड मागं नेलं, पाठ सरळ केली आणि भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, माझ्या सासऱ्यांना उचललं.